घरवार पानं

आमची कॉलनी रत्नागिरी शहराच्या वरच्या अंगाला, कातळावर आहे. दरवर्षी सत्यनारायणाच्या पूजेआधी घरोघर जाऊन जेवायला किती पानं ते विचारायचं काम माझ्याकडे असतं. जन्म बँकेत गेला, त्यामुळे हातात वही मला शोभते, असं बायको म्हणते. यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी विचारलेलं नाही.

जुन्या वह्या मी जपून ठेवल्यात. प्लॉट नवे होते तेव्हा घरं दोन खोल्यांची आणि पानं मात्र सात-आठ. वर्गणीसाठी तीन-तीन खेपा घालाव्या लागत, पण वाढायला घरचीच माणसं ढीगभर. पुढे कुणी जहाजावर गेलं, कुणी आखातात, कुणी अमेरिकेत. घरांवर मजले चढले, फाटकं बटणावर उघडू लागली. आता वर्गणी न मागता मोबाइलवर येते, आणि घरात माणसं एक नाहीतर दोन. वाढपीसुद्धा पैसे देऊन आणावे लागतात.

तरी वहीतला आकडा मोठाच राहायचा, कारण सगळे परदेशातली मुलं धरून सांगायचे. आमच्याकडे पानं घरवार मांडतात, एका घराची सगळी एकत्र. गेल्या वर्षी निम्मी पानं वाढलेली तशीच राहिली. अन्न वाया गेलेलं मला सहन होत नाही. सभेत मी आवाज चढवूनच सांगितलं, यंदा जो हजर असेल त्याचंच पान.

शेजारच्या वहिनी एकट्या राहतात. यजमान जहाजावर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बायकोपोरासह कॅनडात असतो.

"चार लिहा, भावजी," त्या म्हणाल्या.

"मुलगा येतोय?"

"बघतो म्हणालाय. नक्की नाय."

"मग एकच लिहितो."

"लिहा हो चार. नाय आला तर नाय. मांडलेलं तरी असू दे."

मी नियम सांगितला. मी एक लिहिलं आणि, खरं सांगतो, मोठं कर्तव्य केल्याच्या तोऱ्यात घरी आलो.

पूजेच्या दुपारी पंगत बसली. यंदा एकही पान रिकामं नव्हतं, माझ्या घराची दोन सोडून. मी आणि बायको बसलो होतो, आणि आमच्या नि पलीकडे बसलेल्या वहिनींच्या मधे दोन पानं मोकळी. वहीत पहिली ओळ माझ्याच घराची असते. ती मी कुणालाही न विचारता, दरवर्षीसारखी चार म्हणून भरून टाकली होती. मुलगा आणि सून सिंगापूरला असतात. गेल्या चार पूजांना आलेले नाहीत.

बायको खाली बघत होती. वाढपी भाताचं पातेलं घेऊन थांबला.

"हे येतायत ना? वाढू?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून काही केल्या निघेना. सगळी कॉलनी बघत होती.

"वाढ रे," वहिनीच म्हणाल्या, अगदी हळू. "मांडलेलं आहे ना."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्याने दोन्ही पानांवर भात वाढला, वर वरण घातलं, तुपाची धार सोडली, आणि मी त्याला वाढू दिलं.