पायी शाळेत नेणाऱ्या काकू

उरणजवळच्या आमच्या आळीतल्या पोरांना एक काकू रोज चालत शाळेत न्यायच्या. त्यांनी ते आपणहून अंगावर घेतलं होतं. घर सोडलं की बडबड सुरू: "काय खाल्लंस? दात घासलेस, का नुसतं पाणी लावलंस?" मोठा रस्ता आला की मात्र एकच वाक्य, "हात सोरू नको रं."

एका सकाळी मी समोर दुकान उघडत होतो. मुलं अर्ध्या रस्त्यात असताना कंटेनरचा एक ट्रेलर चुकीच्या बाजूने आला. काकू त्याच्याकडे पाठ करून मध्येच उभ्या राहिल्या आणि मुलांकडे बघून हसत म्हणाल्या, "चला, सावकाश चला." ट्रेलर त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर थांबला.

मुलांनी घरी ती गंमत म्हणून सांगितली. आईबाप हादरले. त्याच आठवड्यात व्हॅन ठरली. काकूंना कोणी विचारलंही नाही.

परवा काकू आणि मी नाक्यावर उभे असताना ती व्हॅन समोरून गेली. काकूंनी हात हलवला.

"काळ्या काचंतून पोरा दिसत न्हाय," त्या म्हणाल्या. "पन मी दिसत असंन ना त्यांना?"

"दिसणार की, काकू," मी म्हटलं.