साळवेबाईंचा चुकलेला धडा

भावनाताई साळवे गॅस बंद केल्यावर तीन वेळा परत जाऊन बघतात. तिसऱ्यांदा बघून दाराला कुलूप लावतात आणि जिन्यात थांबून मला विचारतात, "सईच्या आई, मी बघितला ना हो गॅस?" अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत आम्ही अठरा वर्षं समोरासमोर राहतो. त्यांना पाल, लिफ्ट, अनोळखी नंबरचा फोन, पाहुणे उशिरा येणं आणि पाहुणे लवकर येणं, या सगळ्याची भीती वाटते. त्यांचे यजमान भीमराव शस्त्रास्त्र कारखान्यात नोकरीला होते. ते म्हणत, "दारूगोळ्यात मी बसतो आणि दचकते ही."

अशा बाईच्या अंगावर चर्चमधला बायकांचा शुक्रवारचा बायबल वर्ग आला. आधीच्या बाई मुलाकडे पुण्याला गेल्या. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर जाहीर केलं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच राहिली नाही. बारावी झालेल्या भावनाताई त्या दिवशी माझ्याकडे येऊन अक्षरशः रडल्या. "मला पेटी वाजवायला सांगा, चहा करायला सांगा. मी शास्त्र काय शिकवणार?"

मी हिंदू, त्यातून देवधर्मात यथातथाच. पण एवढं मला कळत होतं की मूळ ग्रंथ कठीण असला की माणूस टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक, हाताशी घेतो. आमच्याकडे पोथ्यांवर असते तशी यांच्याकडेही असणारच. म्हणून म्हटलं, "एखादं चांगलं पुस्तक निवडा आणि त्याच्या बोटाला धरून चाला."

त्यांच्याकडे निवड दोनच पुस्तकांत होती. एक, सासऱ्यांचा ठोकळा. सासरे विष्णुपंत नगरकडे मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांची जुनी जाडजूड टीका माळ्यावरच्या ट्रंकेत होती. टाईप बारीक, भाषा 'अतएव' आणि 'तस्मात' वाली, समासात पेन्सिलीची टिपणं. दुसरी, उल्हासनगरला एका मोठ्या प्रार्थनासभेत मांडवाबाहेरच्या स्टॉलवर मिळालेली चोपडी. "बहेनजी, ये लो, एकदम फटाफट समझ में आता है," असं म्हणून स्टॉलवाल्यानं ती त्यांच्या हातात दिली होती. मोठा टाईप, प्रत्येक धड्याला चार वचनं, खाली प्रश्न आणि उत्तर लिहायला आखलेल्या ओळी.

भावनाताईंनी चोपडी निवडली. मीसुद्धा तीच निवडली असती.

सहा महिने वर्ग छान चालला. बायका वाढल्या. बदलापूरच्या शिरगावातून कौसाबाईही यायला लागल्या. या मूळच्या राहुरीकडच्या. नवरा अंबरनाथच्या एका कंपनीत होता, तो वारल्यावर मुलगा अक्षय आणि सून स्वप्नाली यांच्याकडे राहतात. लिहितावाचता येत नाही, पण ऐकलेलं एकेक वाक्य डोक्यात पक्कं. साखरेचा आजार जुना आणि उजव्या पायाला जखम, दिवसाआड ड्रेसिंगला जावं लागायचं.

जुलै संपत आला तेव्हाची गोष्ट. मंगळवारी सकाळी साडेदहाला दाराची बेल वाजली ती थांबेचना. भावनाताई दारात, छातीशी दोन्ही पुस्तकं, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"सईच्या आई, माझ्या हातून बाई मरणार आहे."

त्यांना बसवलं, पाणी दिलं. तुकड्यातुकड्यांनी जे कळलं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी धडा होता 'दुःखाचे मूळ'. चोपडीत बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातली वचनं होती. अर्थ असा की, निष्पाप माणसाचा नाश झालेला कुणी कधी पाहिलाय का, जो वाईट नांगरतो तोच वाईट कापतो. खाली प्रश्न होता : 'तुमच्या दुःखामागचे लपलेले पाप शोधा व लिहा.' त्यापुढे आखलेल्या पाच ओळी. बायकांनी ओळी भरल्या. कौसाबाईंना लिहिता येत नाही, म्हणून वर्ग सुटल्यावर त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, माझ्या पायाचं पन तसंच का?"

"मी सतरंजी गुंडाळत होते हो. शाळा सुटायची वेळ झालेली, नातवाला आणायचं होतं. मी म्हटलं, वचनात तसंच आहे, कौसाबाई. एवढंच म्हटलं मी."

त्यानंतरचे दोन शुक्रवार कौसाबाई आल्या नाहीत. आणि आज सकाळी स्वप्नालीचा फोन आला. "आई ड्रेसिंगला जातच नाहीत. गोळ्यापण बंद. बोलतात, आधी पाप सापडलं पाहिजे, तोवर औषध करणं म्हणजे देवाच्या विरुद्ध जाणं. वास येतोय आता पायाला. भावनाताई, तुम्ही असं सांगितलंय का?"

"काय सांगितलंत तुम्ही?"

"मी फोन ठेवला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. पाळकसाहेब आठवडाभर नगरला बैठकीला गेलेले. दोनदा लावला, फोन लागत नव्हता. "आणि लागला असता तरी काय सांगणार? वचन चुकीचं कसं असेल? आणि वचन बरोबर असेल तर कौसाबाईंचं बरोबर आहे. मग मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, दवाखान्यात चला म्हणून?"

त्यांची खरी भीती ही होती. बाईचा जीव जाईल ही एक, आणि तो देवाच्याच शब्दानं जाईल ही दुसरी. त्यांनी ठोकळा माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही बी. ए. मराठी आहात. यात काय लिहिलंय ते मला सांगा. माझे डोळे ठरत नाहीयेत."

मी पान काढलं. टीका वाचायची म्हणजे आधी मूळ वाचायला हवं, म्हणून त्यांचं बायबलही आणवलं. चोपडीतलं वचन शोधलं, बोट ठेवलं आणि सहज विचारलं, "हे बोलतंय कोण?"

"कोण म्हणजे? देव. वचन आहे ना."

"देव नाही दिसत. वर लिहिलंय, अलीफज बोलला."

भावनाताईंनी बायबल स्वतःकडे ओढलं. ईयोबाची गोष्ट त्यांना रविवारच्या शाळेपासून पाठ. सज्जन माणूस, एका दिवसात मुलंबाळं, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. भेटायला तीन मित्र आले आणि 'तूच काहीतरी पाप केलं असशील' म्हणून त्याला छळत बसले. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला, माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत म्हणाला. हे सगळं ठाऊक असलेल्या बाईनं चोपडीतलं वाक्य मात्र उघडून बघितलं नव्हतं. चोपडीत अध्याय आणि ओवी होती, बोलणाऱ्याचं नाव नव्हतं. ठोकळ्यात त्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, अतएव-तस्मात करत का होईना, स्पष्ट लिहिलं होतं की हे मित्राचं मत आहे, ईश्वराचं नव्हे. शेजारी विष्णुपंतांची पेन्सिल : 'कोण बोलतो ते आधी पाहावे.'

"म्हणजे देव ज्यांच्यावर रागावला," त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्यांचं वाक्य मी देवाचं म्हणून शिकवलं."

मला वाटलं, आता यांना सुटल्यासारखं होईल. झालं उलटंच. "मी काय केलं हे," एवढंच म्हणत राहिल्या. पण उठल्या. एकट्या रिक्षात बसायच्या नाहीत, म्हणून मीही निघाले. बदलापूरची रिक्षा मिळेपर्यंत त्या एकच विचारत होत्या, "नाही आल्या तर? त्यांनी ऐकलंच नाही तर?" गॅसचं मात्र एकदाही विचारलं नाही.

शिरगावात दुसऱ्या मजल्यावर स्वप्नालीनं दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर स्वागत नव्हतं. "या. तुम्हीच लावलंय, तुम्हीच निस्तरा."

आत वास होता. उदबत्तीनं न झाकला जाणारा. कौसाबाई खिडकीशी चटईवर, पाय लांब केलेला, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी.

"जय ख्रिस्त, ताई. बसा. मला उठता येईना."

भावनाताई खुर्चीवर बसल्या नाहीत. जमिनीवर बसल्या आणि एका दमात बोलल्या. "कौसाबाई, मी चुकीचं शिकवलं. ते वाक्य देवाचं नव्हतं. मी पुस्तक चुकीचं निवडलं. तुम्ही आत्ता दवाखान्यात चला."

कौसाबाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "पुस्तक चुकलं म्हनता. पर तोंड तुमचंच व्हतं न्हवं?"

"माझंच होतं."

"मंग तवा ते खरं, आन आता हे खरं. पुढल्या शुक्कारी तिसरंच खरं. मला वाचता येत न्हाई, ताई. तुमच्या तोंडात जे पडंल ते माझ्यासाठी शास्त्र. म्या कशावर इस्वास ठिवू?"

भावनाताईंनी पिशवी मांडीवर ओढली.

मग कौसाबाईच म्हणाल्या, खिडकीबाहेर बघत. "मला सापडलंय ते पाप. सासू शेवटाला पानी मागत व्हती. दिवसभर शिव्या खाल्ल्या व्हत्या तिच्या. म्या जागी व्हते. उठले न्हाई. सकाळी बघते तर गेली. ह्याच पायानं उठाया पायजे व्हतं न्हवं?"

स्वप्नाली ओट्याशी उभी होती, ती वळलीच नाही. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

भावनाताईंनी पिशवीतून बायबल काढलं. ठोकळा तसाच राहू दिला, चोपडी आणलीच नव्हती. "मी माझं काही सांगत नाही," त्या म्हणाल्या, "नुसतं वाचते. पहिल्या ओळीपासून. कोण बोलतं ते प्रत्येक वेळी सांगते. तुम्हीच ठरवा." आणि वाचायला लागल्या.

सगळं नाही वाचलं, लांब आहे ते. पण गोष्ट वाचली, मित्र आले ते वाचलं, ते बोलले ते थोडं थोडं वाचलं. वाचताना त्यांची नजर परत परत त्या पट्टीकडे जायची. मी घड्याळाकडे बघायचे. प्रत्येक पानाला वाटायचं, आपण इथे वाचत बसलोय आणि तिकडे पाय नासतोय. पण घाई केली तर ही बाई उठणार नाही, हेही दिसत होतं.

कौसाबाई मध्येच म्हणाल्या, "कोन हे?"

"अलीफज. मित्र."

"सात दिस गप बसले व्हते तवा बरे व्हते की. तोंड उघडलं आन घान केली." थोड्या वेळानं, "हे पन त्योच?"

"नाही, हा दुसरा. बिल्दद."

"समदे एकाच मापाचे. पुढं?"

शेवटचा अध्याय आला. देव मित्रांवर रागावला ते भावनाताईंनी वाचलं आणि थांबल्या. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"आन माझ्या सासूचं?" कौसाबाईंनी विचारलं. "तेचं काय लिव्हलंय?"

त्या क्षणी मला भावनाताईंची खरी धास्ती वाटली. भेदरलेला माणूस पटकन काहीतरी गोड बोलतो. सहा महिन्यांत त्यांनी प्रत्येक प्रश्नाला चोपडीतून उत्तर दिलं होतं.

"ते मला माहीत नाही, कौसाबाई," त्या म्हणाल्या. "सासूबाईंसाठी मी तुमच्याबरोबर बसून प्रार्थना करीन, रोज करीन. पण पाय त्यासाठी नासला असं देव कुठं म्हणालेला मला दिसलं नाही. पाय साखरेनं नासलाय. आणि माझ्यामुळं."

कौसाबाईंनी लांब केलेला पाय जवळ ओढला.

"म्हाईत न्हाई, हे त्या दिशी म्हनला असता," त्या म्हणाल्या, "तर माझ्या तीन आठवड्याच्या गोळ्या पोटात गेल्या असत्या." आणि भिंतीला हात लावून उठायला लागल्या. "स्वप्ने, उभी काय ऱ्हायलीस? रिक्षा बोलव."

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा मी मान फिरवली. भावनाताईंनी फिरवली नाही. "इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टर ओरडले. "दोन बोटं काढावीच लागतील. बाकी पाऊल राहील की नाही, ते आत गेल्यावर कळेल. मी काही शब्द देत नाही."

"डॉक्टर, ते माझ्या..." भावनाताई बोलायला लागल्या.

"गप बसा वं," कौसाबाई म्हणाल्या. "आता काय तुमचा वर्ग भरलाय का?"

अक्षय उल्हासनगरहून कामावरून निघाला होता, पण नर्सला संमतीच्या कागदावर सही लगेच हवी होती. स्वप्नालीनं पेन हातात घेतलं.

"थांब," कौसाबाई स्ट्रेचरवरून म्हणाल्या. "आधी वाचू दे. काय लिव्हलंय त्यात?"

"रुटीन आहे, मावशी," नर्स म्हणाली. "सगळे करतात सही."

"करत असतील. हिच्याकडं द्या कागद." बोट भावनाताईंकडे होतं.

"ह्या कोण पेशंटच्या?"

"मास्तरीन हाय माझी."

तो शब्द ऐकून भावनाताई मागे सरकल्या, कुणी हात उगारावा तशा. मला वाटलं, आता या पळतात. पण त्यांनी कागद घेतला. नर्स घड्याळ बघत होती. भावनाताईंनी चष्मा पुसला आणि दवाखान्याच्या नावापासून, एकही शब्द न गाळता, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.