अंदाज मन्मथचा नव्हता

मन्मथ मिस्त्री गेल्याचं मला आमच्या दूध सोसायटीत कळलं. किटली खाली ठेवतोय तोवर सेक्रेटरी कुणाला तरी सांगत होता, "मानूस गरीब, पन मिस्त्री अंदाजपंचे. ह्या काकाची गाडी त्यानंच बिघडवलती..." दूध न घालताच मी घरी आलो. तीन आठवडे झाले, राग उतरत नाही. मी चौथी नापास, पण हे मलाच लिहिणं भाग आहे.

दुष्काळाचं साल होतं. सोसायटीनं चाऱ्याची छावणी उघडलेली. मी अंगानं सुटलो होतो, मोटारसायकल तीच होती. खड्डा आला की पुढून दबायची, ठक्क करून आपटायची. मन्मथनं पुढचे दोन्ही शॉकअप उतरवले, काळं पडलेलं तेल घमेल्यात ओतलं आणि विचारलं, "काका, वजन किती?" तेल किती जाड घालायचं, स्प्रिंगला किती ताण द्यायचा, हे तो बसणाऱ्याच्या वजनावर ठरवायचा.

"ऐंशी," मी म्हणालो.

त्यानं माझ्या पोटाकडं पाहिलं. "छावणीच्या काट्यावर चला की. दोन मिंटाचं काम हाय."

"मी काय कडब्याची पेंढी हाय का बे?"

तिथं सगळा गाव चाऱ्याच्या रांगेत उभा होता. कसा जाणार... त्यानं ऐंशीच्या हिशोबानं तेल भरलं, दोन्ही नळ्यांत मापून. आठ दिवसांत कड्याच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात तळाला टेकली, हँडल सुटलं, माझं खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून मी चौकात बोललो, मन्मथ अंदाजानं तेल भरतो. झालं. सोसायटीनं दूध आणायच्या गाड्या दुसऱ्या मिस्त्रीकडं नेल्या.

मन्मथ घरी आला. शॉकअपच्या पुढच्या दांडीला, खाली नळीच्या तोंडाच्या रबरी सीलाला टेकवून, काळा दोरा बांधला. "बसा. आता उतरा." दोरा चार बोटं वर सरकला होता. "काका, ह्या तेलावर ऐंशीला दोन बोटं सरकतो. दोन म्हंजे बरोबर."

"मग सांग जा गावाला."

"तुमी सांगा. मन झालं की."

जाड तेल घालून, माझ्या खऱ्या वजनाला दोरा दोन बोटांवर येईतो स्प्रिंग आवळून तो गेला. पुढंही दर वेळी तेल त्यानंच बदललं, पण तो विषय काढला नाही. आणि माझं मन काही झालं नाही. इतकी वर्षं.

अन् आता मेलेल्या माणसाला अंदाजपंचे म्हणता? काल सोसायटीत गेलो. सरकीचं पोतं बाजूला ढकलून काट्यावर उभा राहिलो. छावणीतला तोच काटा. लोक हसले.

"काका, उतरा, काटा मोडंल," सेक्रेटरी म्हणाला.

"आधी मोठ्यानं वाच."

"एकशे सात."

"तवाबी शंभराच्या वरच होतो. मन्मथला ऐंशी सांगितलं. मी. हास आता."

एकदोघं हसलेच. हसू द्या.

बाहेर गाडीजवळ आलो. दोरा अजून दांडीला आहे, विटलाय. लोकांना वाटतं नजर लागू नये म्हणून बांधलाय. तो सीलापर्यंत खाली सरकवला, गाडीवर बसलो, उतरून वाकून बघितलं.

दोन बोटं.