उशीचं चित्र

"मेलं! अबे दौलत्या, मेलं थे पोरगं! झोपलं काय लिवून राह्यला?"

मंगरूळपीरच्या उरुसात आमची तंबूतली टॉकीज लागली होती आणि पुढच्या सतरंजीवरचा एक पहिलवान उभा राहून, मागं तोंड करून ओरडत होता. आवाज असा, की बाहेर बांधलेले बैल दावं तोडून पार किन्हीराजा गावापर्यंत पळाले असते. दोन तर पळालेच, असं मी पुढं वर्षभर सांगत होतो. पडद्यावर हिरॉइनच्या मांडीवर तिचं लेकरू मान टाकून पडलं होतं, ती ऊर बडवत होती, आणि पडद्याखाली ताणून बांधलेल्या धोतरावर पांढरीशुभ्र अक्षरं उजळली होती : 'बाळ झोपलं आहे.' शेजारी उशीचं लहानसं चित्र.

मग अख्खा तंबू ओरडायला लागला. "मेलं! मेलं!" हजार माणूस होतं. बरं, तीनशे धरा. त्या तीनशेत एकच बाई गप्प होती. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसलेली, नजर त्या धोतरावर. ती दौलतची बायको, गिरिजा. तिला ऐकू येत नव्हतं. आणि ती अक्षरं तिच्याचसाठी होती.

मी त्या टॉकीजचा भोंगा. म्हणजे दिवसा टांग्यात बसून, भोंग्यातून गावोगाव पिक्चरची जाहिरात करायची आणि संध्याकाळी फाटकावर तिकिटं फाडायची. पिक्चरमध्ये दोन थोबाडीत असल्या तर मी घनघोर लढाई सांगायचो. एक हत्ती असला तर कळप. त्या दिवशी मी धावत आत गेलो आणि हात वर करून म्हणालो, "बसा, बसा! कंपनीनं शेवट बदलला हाये. पोरगं उठते पुढं!" लोक बसले. पोरगं काही उठलं नाही. पिक्चर सुटला तेव्हा मी फाटकावर नव्हतो, पाण्याच्या टाकीमागं होतो.

दौलत धनज गावचा. बापानं बुद्धाची दीक्षा घेतली त्याच वर्षी पोराच्या हातात पाटी दिली, आणि पोरानं ती अशा देखण्या अक्षरानं भरली की मास्तरनं म्हणे ती पुसूच दिली नाही. काटकुळा माणूस, कंदिलाच्या उजेडात एका अंगानं उभा राहिला तर सावली पडायची नाही. टॉकीजच्या मालकानं, शेठनं, त्याला काचा रंगवायला ठेवला होता. 'शांतता राखा', 'विडी ओढू नये', 'मध्यंतर' अशा काचा पेटीकंदिलात घालून त्यांची अक्षरं पडद्यावर पाडायची, एवढंच त्याचं काम. गिरिजाचे कान गेल्यावर त्यानं हे दुसरं काम अंगावर घेतलं. पिक्चरमधलं बोलणं काचेवर लिहायचं आणि ज्याच्या त्याच्या वेळेला पडद्याखाली दाखवायचं.

शेठ आधी भडकला. पण आमच्या टॉकीजचा आवाज हा एक आजार होता. हिरो, हिरॉइन आणि बाहेरचं जनरेटर तिघांचा गळा एकच. हिरॉइन लाजून काही म्हणाली की लोकांना वाटायचं जनरेटरचा पट्टा तुटला. आठ दिवसांत कानवालेही दौलतची अक्षरं वाचायला लागले, तेव्हा शेठ म्हणाला, "चालू दे."

काम कसं चालायचं ते सांगतो. काच चिमणीच्या धुरावर धरून काळी करायची. त्या काजळीवर दाभणानं अक्षरं कोरायची. जिथली काजळी निघाली तिथून उजेड पार जातो. काच कंदिलात उलटी घालायची, म्हणजे पलीकडं सुलटी दिसते. आणि ह्या सगळ्याची एक वही. पहिल्या रकान्यात काचेचा नंबर, दुसऱ्यात कितव्या आकड्याला काच आत घालायची आणि कितव्याला बाहेर काढायची, तिसऱ्यात ओळ. रीळ सुरू झालं की दौलत एकपासून मोजायला लागायचा, ओठातल्या ओठात, ठोका न चुकवता. मधे कोणी काही विचारायचं नाही. विचारलं तर आकडाच मिळायचा.

"दौलत, जेवला काय?"

"दोनशे अकरा."

एकदा शेठ घाबरून आत आला. "अरे, जळल्यावानी वास काहून येते? तंबूले आग त नाही लागली?"

"तीनशे सात," दौलत म्हणाला, आणि काच बदलली.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी ओळीशेजारी एक चित्र असायचं. भांडणाला काठी, लग्नाला मुंडावळ्या, पत्राला लिफाफा. तीही वहीत होती, पण चित्र म्हणून नाही. गणिताच्या वहीतली चौकोनी घरं घेऊन तो लिहायचा : पहिली ओळ, चार रिकामी, सहा भरली, चार रिकामी. दुसरी ओळ, तीन रिकामी, आठ भरली. वाचताना वाटावं कोणी सोंगट्या मांडतंय. पण त्या आकड्यांवरून काचेवर एकेक घर खरवडलं की तीच काठी, तोच लिफाफा, केसाचा फरक नाही. बैलगाडीतून सामान हलवताना निम्म्या काचा फुटायच्या. आम्ही हळहळायचो. दौलत नाही.

"काच फुटली त फुटू दे," तो म्हणायचा. "वही हाये ना."

एक मात्र त्या वहीला पेलायचं नाही. आमची रिळं इतकी जुनी, की रोज कुठंतरी तुटायची. ऑपरेटर तेवढा तुकडा कापून बाकीचं जोडायचा. रीळ आखूड व्हायचं, आकडे मात्र तेच. एकदा तर चाळीस आकड्यांचा तुकडा गेला आणि पुढची सगळी अक्षरं मागं राहिली. म्हशीच्या तोंडाखाली 'प्राणनाथ, मी तुमचीच वाट पाहत होते' असं आलं. तंबू हसून हसून एका बाजूला कलला. मी स्वतः दोर धरून सरळ केला. दौलत हसला नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी सबंध वही खोडून नवे आकडे घातले. म्हणाला, "तिले येकटीलेच समजलं नसन ना, लोक काहून हासून राह्यले थे."

आता उशीचं.

दौलतच्या काचांत कोणी मरत नसे. पिक्चरमध्ये बाप गेला, 'बाबा झोपले आहेत.' हिरोच्या दोस्ताला गोळी लागली, 'दोस्त थकून झोपला.' आणि शेजारी उशी. उरुसानंतरची चार गावं होईपर्यंत लोकांना ते कळून चुकलं. न वाचणाऱ्या बायाही उशी दिसली की पदर डोळ्याला लावायच्या. "उशी आली वं माय!" जनरेटर मंदावून रीळ रेंगाळलं की गोळी सुटायच्या आधीच काच सरकायची आणि धडधाकट उभ्या माणसासाठी तंबू रडायला लागायचा. अख्ख्या मुलखाला उशी म्हणजे काय ते ठाऊक झालं, आणि दौलतला वाटायचं की आपण ते लपवून राह्यलो. गिरिजा रडायची नाही. उशी आली की ती मान वळवून मागं कंदिलाकडं पाहायची, बस. कंदिलाच्या झगझगाटामागं दौलतला ते दिसायचं नाही. मला फाटकावरून दिसायचं.

उरुसातल्या त्या आरडाओरड्यानंतर दुसऱ्या दुपारी मी त्याला गाठलं. तो काचा काळ्या करत बसला होता.

"काहून रे? मेलं त मेलं लिव ना. मले टाकीमागं बसा लागते."

त्यानं काच धुरावरून काढली नाही. "तुले खोटं सांगता येते, भोंग्या. मले येकच येते," तो म्हणाला. मग सांगितलं.

त्यांना एक मुलगा होता, दीड वर्षाचा. मायलेकरांना एकदमच ताप आला. गिरिजा आठवडाभर शुद्धीत नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा कान गेले होते आणि पोराला दौलतनं दोन दिवसांपूर्वीच माती दिली होती. ती हातानं अंथरूण चाचपत होती, बाळ कुठं म्हणून. बोलून उपयोग नव्हता, म्हणून ह्यानं पाटी घेतली आणि लिहिलं : 'बाळ झोपलं आहे.' दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ह्यानं तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. मग कधीच नाही.

"आन् तू?"

"म्या बी मंग लिवलं नाही. थो शब्द तिच्या डोळ्याले दिसला त ती टिकत नाही, भोंग्या. तिचं आंग त्या तापातच खलास झालं." काच इतकी काळी झाली होती की आता तिच्यावर काजळी धरत नव्हती. "घरात लिवत नाही, त धोतरावर कसा लिवू?"

त्या दिवसापासून जाहिरातीतही मी कोणाला मारलं नाही. "हिरोची अखेरची निद्रा पाहायला या" असं भोंग्यातून ओरडलो, आणि लोक मला वेडा म्हणाले.

इथून पुढं मी काही वाढवून सांगत नाही. सांगण्यासारखं ते आहेही थोडंच.

किन्हीराजाला मुक्काम होता. गाडीतून काचांची पेटी उतरवताना दौलतच्या अंगठ्यात काच गेली. त्यानं जखमेवर हाताशी होती ती काजळी चोळली आणि कामाला लागला. आठ-नऊ दिवसांनी त्याचा जबडा आखडला. पाणी पिताना ओठाच्या कडेनं सांडायला लागलं. गावातल्या डॉक्टरनं पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, धनुर्वात, आत्ताच अकोल्याला न्या.

निघायच्या आधी दौलतनं पाटी मागितली. बोटं वाकडी झाली होती तरी अक्षर तेच. 'दाढ दुखते. अकोल्याला काढून येतो.' गिरिजानं वाचलं, त्याच्याकडं पाहिलं आणि त्याचं धुतलेलं धोतर पिशवीत घातलं. ती यायला निघाली तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

अकोल्याच्या दवाखान्यात तो तीन दिवस होता, शेठ आणि मी त्याच्यापाशी. खोली अंधारी केलेली. उजेड पडला की अंग धनुष्यासारखं ताठायचं. आयुष्य उजेडाच्या पेटीपाशी काढलेला माणूस. तोंड उघडत नव्हतं. झटका ओसरला की उजव्या हाताचं बोट पलंगाच्या लोखंडावर वाजायचं, टक, टक, टक, सारख्या अंतरानं. तो मोजत होता. कुठलं रीळ, ते मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट थांबलं.

शेठ ट्रकमधून त्याला घेऊन येणार होता. मी पुढं निघालो, गिरिजाला सांगायला. आमच्या इकडच्या मालेगावला गाडी बदलली. जन्मभर मी न घडलेलं सांगत आलो, त्या एस.टी.त घडलेली एक गोष्ट सांगायला मला शब्द सापडेना. दौलत म्हणाला होता ना, ती टिकत नाही म्हणून. तेवढंच डोक्यात.

पोचलो तेव्हा दुपार होती. ती तंबूच्या सावलीत बसून पुढच्या पिक्चरसाठी जुन्या काचा पुसत होती. मी एकटा आलेला तिनं पाहिला. मागं रस्त्याकडं पाहिलं. मग हातातली काच खाली ठेवली आणि पाटी, पेन्सिल माझ्यापुढं केली.

माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. मी लिहिलं : 'दौलत झोपला आहे.' आणि का कोण जाणे, शेजारी एक चौकोन काढला, त्याचे कोपरे गोल केले. उशी.

तिनं ते वाचलं. मग पदराच्या टोकानं तिनं ती पुसली, आधी उशी, मग अक्षरं, कोपऱ्यापर्यंत नीट, आणि पाटी परत माझ्या हातात दिली. कान गेल्यापासून तिचा आवाज असा सपाट झाला होता, कधी वर नाही, कधी खाली नाही. त्याच आवाजात ती म्हणाली,

"भाऊजी, मेले म्हनून लिवा."