बाबांनी नापास केलेला सिनेमा

काल टीव्हीवर हेरगिरीचा एक जुना सिनेमा लागला. नाव वाचलं आणि मी पुन्हा बदलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात अडकले.

तेव्हा उल्हासनगरहून भाड्याने व्हीसीआर आणला की कॅसेट आधी बाबा एकटे बघायचे, हॉलचं दार लावून. त्यांनी पास केली तरच आम्हाला बघायला मिळायची. त्या रविवारी आतून धडाधड गोळ्या सुटत होत्या आणि मी दाराला कान लावून नुसती चुळबुळत होते. आई दोनदा ओरडली, "अगं, बस ना एका जागी!"

मग एकदम शांतता. बाबा कॅसेट घेऊनच बाहेर आले.

"घरात बघण्यासारखा नाहीये."

"अहो, पण आहे काय एवढं त्यात?" आईने विचारलं.

"परत देऊन येतो," म्हणत त्यांनी चपला घातल्या. काहीतरी घाणेरडं असणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

काल तो शेवटपर्यंत पाहिला. घाणेरडं काहीच नाही. त्यातला हेर रोज सकाळी ऑफिसला जातो सांगून निघतो आणि दिवसभर भलतीकडेच फिरतो.

बाबांची अंबरनाथची कंपनी तेव्हा दोन महिने बंद होती. आम्हाला ते दिवाळीनंतर कळलं. तोवर आई रोज सकाळी त्यांचा डबा भरत होती.