आईच्या बांगडीतल्या पिना

परवा मुलींच्या टीमच्या नव्या किटचं खोकं उघडलं आणि कोऱ्या नायलॉनच्या वासाबरोबर दहा वर्षांपूर्वीची ती रिले आठवली. तेव्हा ब्रिस्टलच्या आमच्या युनिव्हर्सिटीत नवं किट मुलांना मिळायचं आणि त्यांचं जुनं आम्हा मुलींना. माझी शॉर्ट्स कमरेवर ठरतच नव्हती. बर्मिंगहॅमहून खास मला बघायला आलेल्या आईने हातातल्या बांगडीला अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना काढल्या. "हलू नकोस गं, टोचेल," म्हणत तिने त्या लावल्या. ट्रॅकवर उभी राहिले आणि हात आपोआप कमरेवर गेला. पिन सुटली तर? मैत्रीण बॅटन घेऊन धावत आली, "हात! हात दे!" म्हणून ओरडली, पण माझा हात कमरेवरून सुटेचना. बॅटन खाली पडलं. पिना मात्र घरी पोहोचेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. आता त्याच टीमची मी कोच आहे. परवा नवी शॉर्ट्स घालून बघणाऱ्या मुलीला मी दोनदा विचारलं, "सैल नाही ना होत?" ती गोंधळली. "सैल कशी होईल? माझ्याच साइझची आहे." मी माझ्या कमरेवरचा हात हळूच खाली घेतला.