कोणता अबू हाशिम?

आमच्या खालच्या मजल्यावरची रुदैना वीस वर्षं माहितीपत्रकं लिहीत आली. धुलाई यंत्रं, रक्तदाब मोजायची यंत्रं, एकदा तर कबुतरं हाकलायचं यंत्र. अम्मानमधल्या कित्येक घरांत तिचं लिखाण खोक्यातून येतं आणि घडीही न मोडता कचऱ्यात जातं.

गेल्या हिवाळ्यात तिला वेगळं काम मिळालं. एका कंपनीने ऑफिसच्या चॅटसाठी एआय एजंट बनवला होता. अमक्याला हे कळव म्हटलं की तो नोंदींत अमका शोधतो आणि कळवतो. शोधायचं साधन त्याने कसं वापरावं, त्याचं पान रुदैनाने लिहायचं.

"म्हणजे ते वाचणार कोण?" मी विचारलं.

"एजंट! उम्म तन्मय, एक्कावन्नाव्या वर्षी मला शेवटपर्यंत वाचणारा वाचक मिळाला."

उम्म म्हणजे आई; माझ्या थोरल्याचं नाव तन्मय. गल्लीत मला तेवढंच नाव आहे.

बोली तीन महिन्यांची होती. ते साधन बनवणाऱ्या कुतैबाचं म्हणणं, असली पानं यंत्राकडूनच लिहून घ्यावीत. मग माणूस कशाला? मुदीरा, म्हणजे मॅनेजर, लमीस म्हणाली, दोन्ही पानं एजंटला देऊन बघू, ज्याचं चांगलं ते ठेवू. रुदैनाला हे काम मनापासून आवडलं होतं. हरली तर पुन्हा धुलाई यंत्रं.

कुतैबाने यंत्राकडून लिहून घेतलेलं पान तीन ओळींचं: नाव शोध, सापडलं की निरोप पाठव, कळव. रुदैनाचं दीड पान. त्यात तिने लिहिलं होतं, इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने, अबू अमका म्हणजे अमक्याचा बाप, अशी हाक मारतात, आणि लग्न न झालेल्याला बापाच्या नावाने, कारण त्याचा पहिला मुलगा आजोबांचंच नाव घेणार. तेव्हा वडिलांच्या नावाच्या रकान्यातही बघ. दोघे जुळले तर निवडू नकोस, विचार.

मंगळवारी लमीसने दहा निरोप काढले. रुदैनाच्या पानावर एजंट सात निरोपांत चारदा थांबला, 'यांपैकी कोण?' लमीसला मीटिंग होती, तिने तिथेच थांबवलं. कुतैबाच्या पानावर दहाही निरोप मिनिटभरात गेले.

"सित्त रुदैना, तुमचा एजंट माझ्या आजीसारखा आहे," कुतैबा हसला. "दारातच उलटतपासणी."

संध्याकाळी तिने माझ्याकडे बसून वांगी भाजली. शेवटी म्हणाली, "मी विचारायला शिकवलं, तेच नडलं."

बुधवारी सकाळी गोदामाचा मुवफ्फक वर आला. त्रेसष्ट वर्षांचा, सहा वर्षांपासून विधुर. दाढी ताजी कोरलेली, हातात किलोभर बकलावा. त्याने खोकं लमीसच्या टेबलावर ठेवलं आणि खाली बघत विचारलं,

"मुदीरा, अल्ला तुमचं भलं करो. पण मुलगी कोण, एवढं तरी सांगाल?"

"कुठली मुलगी?"

त्याने फोन पुढे केला. 'अबू हाशिम, शुक्रवारी चारला जाहा निघणार. काळा सूट घाल. वधूकडचे वाट बघतायत.'

जाहा म्हणजे मागणी घालायला निघणारी वडीलधारी मंडळी. ती होती कुतैबाची. त्याच्या आईने वेळ लमीसला सांगितली, लमीसने मजेत दहावा निरोप केला. कुतैबाच्या बापाचं नाव हाशिम, म्हणून सगळं ऑफिस त्याला अबू हाशिम म्हणतं. नोंदीत मात्र तो कुतैबाच. मुवफ्फकने चॅटवर आपलं नावच अबू हाशिम ठेवलेलं.

कुतैबाचे कान लाल झाले. "अम्मो, चूक माझी. निरोप माझ्यासाठी होता."

मुवफ्फकने फोन खिशात घातला. मग म्हणाला, "म्हणजे मी अजून मोकळाच!" आणि पहिला तोच हसला. "सूट मात्र इस्त्रीला गेलाय, पोरा. आता मी येणारच."

"याल तर पुढच्या ओळीत बसाल," कुतैबा म्हणाला.

लमीसने तोच निरोप रुदैनाच्या पानावर चालवला. एजंटने विचारलं, 'गोदामातले मुवफ्फक की तांत्रिक विभागातले कुतैबा हाशिम?'

"हेच हवं होतं," लमीस म्हणाली. "रुदैना, कायम नोकरीचं पत्र आजच काढते."

"पत्र काढाच. पण नोंदीत अजून एक रकाना हवा, लोक काय हाक मारतात त्याचा."

"तो भरणार कोण?" कुतैबाने विचारलं.

"मी. टेबलाटेबलाला जाऊन."

ते काम आठ दिवस चाललं. एकेकाची तीन-तीन नावं निघाली, आणि नाव सांगायचं म्हणजे मुलाचं बारसं, बापाचा हट्ट, सासूचा रुसवा सगळंच सांगायचं. एवढी कॉफी तिने जन्मात प्यायली नव्हती. रोज संध्याकाळी जिना चढतानाच ओरडायची, "उम्म तन्मय, स्वयंपाकावर झाकण ठेव, आज झोप येणार नाही, ऐक!"